टांगा, टर्बो आणि लगाम

दसरा, दिवाळी आणि डिसेंबर. वर्षातल्या या तीन मोसमांत मोटार कंपन्यांच्या सवलतीच्या जाहिराती धुळ्यातल्या प्रत्येक तरुणाच्या मोबाईलवर येऊन आदळतात. तरुणांचा जीव अडकतो तो छोट्या पण ताकदवान गाड्यांत. आकार साध्या हॅचबॅकचा, आत टर्बो इंजिन, बॉनेटवर रेसिंगचे पट्टे आणि खाली ठळक अक्षरांत 'एक लाखापर्यंत सूट'. साक्री रोडपासून देवपूरपर्यंत आपल्या वस्त्यांतील पोरे या गाड्यांवर तासन्‌तास बोलतात.

या बोलण्यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली सवर्ण मध्यमवर्गाची : 'यांना काय, सवलतीच सवलती! शिष्यवृत्ती, आरक्षण आणि वर दारात गाडी.' दुसरी आपल्याच काही ज्येष्ठांची : 'बाबासाहेबांच्या लेकरांना असले शौक कशाला? आधी चळवळ करा.' आमच्या मते या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. पण म्हणून जाहिरात खरी ठरत नाही. आंबेडकरी तरुणाने गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्नच नाही. कोणासाठी, कशाच्या बदल्यात आणि लगाम कोणाच्या हातात ठेवून घ्यावी, हा खरा प्रश्न आहे.

वाहन म्हणजे चैन असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या खानदेशचाच इतिहास वाचावा. १९२९ सालची गोष्ट. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. खानदेशातील काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले, धुळे मार्गावरील एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करून पुन्हा चाळीसगावला आले. स्टेशनवर आपले लोक हार घेऊन उभे होते. महारवाडा सुमारे दोन मैलांवर, मध्ये नदी. स्टेशनबाहेर टांगे भरपूर होते, तरी बाबासाहेबांना तासभर थांबावे लागले. अस्पृश्य प्रवाशाला बसवून टांगा हाकणे एकाही टांगेवाल्याला आपल्या इभ्रतीला शोभणारे वाटत नव्हते. प्रवासी बॅरिस्टर होता, सरकारी समितीचा सदस्य होता. पण जातीपुढे त्या पदव्यांची किंमत शून्य होती.

शेवटी तोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. तो काही त्याचा धंदा नव्हता. थोड्याच अंतरावर एका मोटारीशी टक्कर होता होता टळली. पुढे नदीवरच्या फरशीपाशी घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासकट टांगा नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी स्वतः हा प्रसंग नोंदवला आहे.

या प्रसंगाचा अर्धा भाग आपण सभांमधून नेहमी सांगतो. तो अर्धा भाग म्हणजे टांगेवाल्याचा माज. ज्या समाजाला भाड्याचे वाहनही नाकारले गेले, त्या समाजातील मुलाने स्वतःच्या नावावर, एमएच-१८ क्रमांकाची गाडी दारात उभी करणे ही चैन नाही. कोणाची मिनतवारी न करता प्रवास करण्याचे ते स्वातंत्र्य आहे. रात्री दोन वाजता वस्तीतील बाळंतिणीला सिव्हिलला नेताना त्या गाडीचे मोल कळते. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला आणि जातीची खूण सांगणारे दागिने टाकायला सांगितले. स्वतः ते सुटाबुटात वावरले. नीटनेटके राहणे, चांगले वापरणे याला त्यांनी कधी पाप मानले नाही. तेव्हा 'तुम्हाला कशाला गाडी' हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण उरलेला अर्धा भाग आपण सांगत नाही, कारण तो आपल्याला टोचतो. बाबासाहेबांनी त्या लेखनात टांगेवाल्याला तर उघडे पाडलेच, पण आपल्या माणसांचीही चूक स्पष्टपणे मांडली. पाहुणा पायी गेला तर त्याचा मान जाईल, या काळजीत त्यांनी पाहुण्याच्या जिवाची काळजी केली नाही. मानापेक्षा सुरक्षितता मोठी, हे ते विसरले. ती माणसे वाईट नव्हती. त्यांचे प्रेम खरे होते. जातीने केलेला अपमान त्यांना ताबडतोब पुसायचा होता आणि त्या घाईत जे वाहन मिळाले, ज्या अटीवर मिळाले, ते त्यांनी स्वीकारले.

आज शोरूममध्ये तीच घाई विकली जाते.

'एक लाखापर्यंत सूट' यातील 'पर्यंत' हा शब्द नीट वाचा. ही सूट सहसा एकच रक्कम नसते, तुकड्यांची बेरीज असते. एक तुकडा रोख सवलतीचा. दुसरा एक्स्चेंज बोनसचा, म्हणजे जुनी गाडी दिली तर. तिसरा कॉर्पोरेट डिस्काउंटचा, म्हणजे तुमची कंपनी त्यांच्या यादीत असेल तर. आता अवधान एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करणारा, घराण्यात पहिल्यांदाच चारचाकी घेणारा आपला मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या बापाची जुनी गाडी कुठून असणार? ठेकेदाराचे नाव कॉर्पोरेट यादीत कुठून असणार? पूर्ण सूट मिळते ती ज्याच्या घरी आधीच गाडी आहे आणि ज्याची नोकरी पक्की आहे, त्याला. जाहिरात सर्वांना दिसते, सूट मात्र वारशाने मिळते. समाजशास्त्रात ज्याला साचलेला लाभ म्हणतात, तो शोरूमच्या कोटेशनवर असा छापलेला असतो.

पुढे कर्ज. ८ लाखांचे कर्ज ९.५ टक्के दराने ७ वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १३,०७५ रुपये बसतो आणि ७ वर्षांत व्याजच जवळजवळ ३ लाख होते. म्हणजे कोपऱ्यात एक लाख सुटले आणि मागच्या दाराने तीन लाख गेले. ज्याने आधी कधी कर्ज घेतलेले नाही, त्याच्या नावावर पतइतिहास नसतो. बँकेने दर एका टक्क्याने जास्त लावला तर आणखी सुमारे ३५ हजार जातात. गाडी तीच आणि रंगही तोच, फक्त पहिल्या पिढीच्या ग्राहकाला ती महाग पडते. शिवाय शोरूमच्या किमतीवर महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर आहे, विमा वेगळा आहे आणि टर्बोला पेट्रोल पाजणे हा रोजचा खर्च आहे.

आणि सूट मिळते तरी का? मारुतीची बलेनो आरएस आठवा. मार्च २०१७ मध्ये आलेली, एक लिटर टर्बो इंजिनाची, १०२ पीएसची ही गाडी त्या काळी तरुणांत बरीच गाजली. सप्टेंबर २०१९ मध्ये वाहनविक्री घसरलेली असताना तिची किंमत एकदम १ लाखाने कमी झाली. ज्यांनी उड्या मारल्या त्यांना काही महिन्यांतच कळले की गाडी बाजारातूनच जात आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू होण्याआधी तिचा अध्याय संपला. गाडी वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. पण मोठी सूट बहुतेक वेळा पडून राहिलेल्या साठ्यावर, सरत्या वर्षाच्या निर्मितीवर किंवा बंद होऊ घातलेल्या मॉडेलवर असते. विकणाऱ्याला मोकळे व्हायचे असते. ती गरज त्याची असते आणि हप्ता मात्र आपला.

आता 'यांना सगळ्याच सवलती' म्हणणाऱ्यांकडे वळू. सवलत हा शब्द निघाला की या देशात बोट आपोआप आमच्याकडे वळते. बलेनो आरएस स्वस्त झाली त्याच्या आठवडाभर आधी, २० सप्टेंबर २०१९ रोजी, केंद्र सरकारने कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. तिजोरीला वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा फटका बसेल, असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले. त्या कंपन्यांना कोणी 'सवलतवाले' म्हटले का? २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून १२०० सीसीपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. शिरपूर, साक्री, शिंदखेड्याहून कॉलेजला एसटीने येणारी आपली मुलगी जास्त भाडे भरते आणि १२० पीएसची छोटी टर्बो गाडी घेणारा कमी कर भरतो. मग सवलतवाला कोण?

शिष्यवृत्तीचेही ऐका. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा २०१३ मध्ये अडीच लाख झाली आणि त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी ती हलली नाही. अडीच लाख म्हणजे महिन्याला २० हजार ८३३ रुपये. वर सांगितलेला हप्ता त्यातले साठ टक्क्यांहून जास्त खातो. शिष्यवृत्ती घेणाऱ्या घरात असली गाडी बसतच नाही. ज्या घरात ती दिसते, ते घर वेगळे आहे किंवा ते कर्जात बुडालेले आहे.

आणि हाच धोका आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उपवर्गीकरणाचा निकाल दिला. सात न्यायमूर्तींच्या त्या पीठातील चौघांनी अनुसूचित जातींनाही क्रीमी लेयर लावण्याच्या बाजूने मत नोंदवले. तेव्हापासून आपल्या वस्तीत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीकडे पुरावा म्हणून बोट दाखवले जाते. गाडी बँकेकडे तारण आहे, घरातल्या आईचे मंगळसूत्र सोनाराकडे आहे, बहिणीचा बी.एड.चा प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलला आहे, हे बाहेरून दिसत नाही. दिसतात फक्त रेसिंगचे पट्टे. कर्ज आपले आणि 'हे बघा, सुधारले' असे उदाहरण मात्र त्यांचे! त्यांच्या तोंडाला घाबरून गाडी घेऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. त्यांना दाखवण्यासाठी घेऊ नका, एवढेच म्हणतो. कारण सवर्ण नजर आपली गाडी पाहून जात विसरत नाही. ती फक्त आपला हक्क विसरते.

मग मोजमाप कोणते लावायचे? आपण बौद्ध आहोत, मोजमाप बुद्धाने दिलेले आहे. अनाथपिंडिकाला उपदेश करताना तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यात संपत्ती असण्याचे सुख आहे, तिचा उपभोग घेण्याचे सुख आहे, ऋणमुक्त असण्याचे सुख आहे आणि निर्दोष जगण्याचे सुख आहे. त्यागाचे प्रवचन देणाऱ्या ज्येष्ठांनी दुसरे सुख वाचावे आणि जाहिरात पाहून हरखणाऱ्या तरुणांनी तिसरे. सिगालोवाद सुत्तात तर हिशेबच आहे. मिळकतीचे चार भाग करावेत : एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, एक संकटकाळासाठी.

हा हिशेब आजच्या पगाराला लावून पाहा. २८ हजार पगार असेल तर उपभोगाचा वाटा ७ हजार. १३,०७५ चा हप्ता म्हणजे जवळपास दोन वाटे गेले. ते कुठून आले? भावंडांच्या शिक्षणातून, आईच्या औषधांतून, संकटकाळच्या शिलकीतून. गाडी धंद्यासाठी असेल, तिच्यावर चार पैसे सुटणार असतील, तर ती कामधंद्याच्या दोन वाट्यांत मोजा, आमची हरकत नाही. पण महामार्गावर कोणाला तरी मागे टाकण्यासाठी घेतलेला टर्बो हा उपभोगच आहे आणि त्याची हद्द एक वाटा हीच आहे. पगार वाढला, तेवढी रक्कम त्या वाट्यात बसू लागली, तर खुशाल घ्या आणि ताठ मानेने चालवा.

घेताना पीएस किती हे विचारण्याआधी भारत एनकॅपच्या चाचणीत तारे किती मिळाले ते विचारा. ती चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते कागदावर पाहा. सुटीचा प्रत्येक तुकडा लेखी मागा आणि 'पर्यंत' खोडून आपल्याला लागू होणारा आकडा लिहून घ्या. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे, अशी सक्ती कोणी करू शकत नाही. ज्याने अजून नीट चालवायला शिकलेले नाही, त्याने लळिंग घाटात १२० पीएस आजमावू नये. चाळीसगावच्या फरशीवर लगाम धरणाऱ्याचीही इच्छा चांगलीच होती.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले. त्या आठवणीत दर ३१ जुलैला तिथे हजारो लोक जमतात. कोणी एसटीने येतो, कोणी टेम्पोत, कोणी पायी, कोणी स्वतःच्या गाडीने. गाडीने येणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढो, हीच आमची इच्छा आहे. पण त्या प्रत्येक गाडीमागे एखाद्या बहिणीचे थांबलेले शिक्षण नसावे. वाहन नाकारणाऱ्यांशी आपण लढलो. आता वाहन देऊन लगाम काढून घेणाऱ्यांशी लढायचे आहे. त्यासाठी पहिले शस्त्र म्हणजे साधा हिशेब. तो घरात सगळ्यांसमोर, आईला आणि बहिणीला शेजारी बसवून करा आणि मगच सही करा.

जय भीम! नमो बुद्धाय!