थकव्याची फिर्याद

ज्वराचे बरे असते. पारा चढला की सारे घर त्याच्यापुढे मान तुकवते आणि रुग्णाला अंथरूण, पेज व सहानुभूती ही तिन्ही विनासायास प्राप्त होतात. थकव्याला मात्र असा कोणताच दस्तऐवज सादर करता येत नाही. आणि तो पंचेचाळिशीच्या गृहिणीचा असला, म्हणजे सकाळी उठतानाच अंग जड होणे, केस गळणे, दुपारी डोळ्यांवर झापड येणे, या एकेका तक्रारीचा निकाल घरचीच मंडळी ‘आता वय झालं’ एवढ्या एका वाक्यात, पुरावा न तपासता, देऊन मोकळी होतात. आमच्या थोरल्या वहिनींची फिर्याद अशीच दीर्घकाळ दफ्तरदाखल होऊन पडली होती. अखेरीस ‘‘भावोजी, एकदा थायरॉइड तपासून घ्यावा म्हणते, याल का बरोबर?’’ असे त्यांनीच विचारले आणि आम्ही दवाखान्याची वाट धरली.

डॉक्टरीण बाई वयाने तरुण, पण कामात सावकाश होत्या. ‘‘काकू, पाण्याचा घोट तोंडात धरा आणि मी सांगितलं की गिळा,’’ असे म्हणून त्या वहिनींच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांच्या बोटांनी गळा चाचपू लागल्या. कारण कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असलेली, अवघ्या वीस-पंचवीस ग्रॅम वजनाची ही अवटु ग्रंथी गिळताना वर सरकते आणि तिच्यात गाठ वा सूज असल्यास ती त्या क्षणी बोटांना लागते. मग नाडी पाहिली, टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडीने टिचकी दिली, आई-बहिणींत कुणाला हा विकार आहे काय याची चौकशी केली, आणि त्यानंतरच रक्त काढण्याचा कागद लिहून दिला.

त्या कागदावरच्या टीएसएच या तीन अक्षरांचे रहस्य समजून घेण्यासारखे आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ही हुजूर कचेरी मानली, तर गळ्यातली ग्रंथी हा तिचा मामलेदार होय. वसुली बेताची येत असली की हुजुरातून मामुली ताकीद जाते. वसुली घटली की ताकिदीमागून ताकीद सुटते. आणि मामलेदार आपण होऊनच वारेमाप वसुली करू लागला, तर हुजूर मौन धरते. टीएसएच म्हणजे या ताकिदींचीच मोजदाद असल्यामुळे, तो आकडा बहुधा ग्रंथी मंदावली की वाढतो आणि ती अनावर झाली की नगण्य होतो, असा हा उलटा हिशेब आहे.

वहिनींचा आकडा आला ६.८. प्रयोगशाळेने छापलेली वरची मर्यादा ४.५ होती, प्रत्यक्ष ग्रंथीतून स्रवणारे टी-फोर मात्र यथास्थित होते. घरात जे काल वयाला दोष देत होते, तेच आता वहिनींच्या चिडण्यापासून गुडघेदुखीपर्यंत सर्वच गोष्टींचे खापर थायरॉइडवर फोडू लागले, आणि गोळी आजच का सुरू होत नाही म्हणून अस्वस्थ झाले. डॉक्टरीण बाई मात्र यत्किंचितही विचलित झाल्या नाहीत. टी-फोर ठीक असून टीएसएच दहाच्या आत असेल, तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करून पाहावी, कारण हा आकडा दिवसाच्या प्रहरानुसार आणि नुकत्याच झालेल्या आजारानेही हलतो. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्याही या तपासणीला चकवतात, सबब त्या आधी काही दिवस बंद ठेवाव्यात, असे त्यांनी समजावले. आणि जाता जाता हिमोग्लोबिन पाहण्यास सांगितले. ते निघाले ८.६, स्त्रीला किमान १२ हवे. लोहाची गोळी सुरू झाली, रक्त कोठे जाते याचा शोध लागला, आणि तीन महिन्यांनी टीएसएच ३.९ वर आलेले दिसले. फिर्याद सर्वस्वी खरी होती; आरोपी तेवढा दुसराच निघाला.

ज्या काळी या ग्रंथीचा विकार डोळ्यांना दिसत असे, त्या काळी त्याची दखलही घेतली जाई. गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात तो घरोघर आढळे. तेथे १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त व एका भागात साधे मीठ पुरवून, आयोडीनच्या मिठाने गलगंड ओसरतो हे सप्रमाण दाखवले, आणि १९६२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या पिशवीवर आज ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द दिसतो, त्यामागे हा इतिहास आहे. परंतु फुगलेला गळा जे मुकाट्याने सिद्ध करी, ते थकलेल्या शरीराला आज शब्दांनी सांगावे लागते, आणि तेथेच आपले कान आखडतात.

ज्यांची ग्रंथी खरोखर मंदावली आहे, त्यांना उपचार सोपा आहे: थायरॉक्सिनची गोळी सकाळी अनशापोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी, लोह किंवा कॅल्शियमची गोळी असल्यास मध्ये चार तासांचे अंतर राखावे, मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे, आणि बरे वाटू लागले म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. गर्भवतीने तर या बाबतीत मुळीच दिरंगाई करू नये, कारण पहिल्या काही महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते.

माझी विनंती मात्र रुग्णांना नसून त्यांच्या घरच्यांना आहे. घरातली बाई ‘थकले’ म्हणाली, तर तिच्या वयाचा वा स्वभावाचा दाखला काढू नका, आणि हातात एक आकडा आला म्हणून तपास संपला असेही समजू नका. थायरॉइड निर्दोष ठरला, तरी तिचा थकवा खोटा ठरत नाही. पुढचे कारण शोधण्याची जबाबदारी तेवढी शिल्लक राहते.