कणीक तीच, पुरण नवे

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात हैदराबादला नारायणगुड्यात आत्याकडे गेले होते. सोबत नवी सून, कलबुर्गीची. तिला मराठी जेमतेम, आत्याला कन्नड मुळीच नाही. आमचे माहेर उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते, पण आत्या त्याआधीच हैदराबादला आलेली. दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या.

आत्याच्या नातवाने चॉकलेट कुकीजचा हट्ट धरला. आत मऊ कॅरॅमल हवेच! साखर मंद आचेवर वितळवून बदामी केली, लोणी आणि कोमट क्रीम घालून आटवली. पण पहिला घाणा काढला तर कॅरॅमल सगळे ट्रेवर! माझे तोंडच उतरले.

आत्या म्हणाली, "अगं, सारण गरम, कणीक पातळ. फुटणारच!"

सून चटकन म्हणाली, "कणक?" कन्नडमध्येही होळिगेच्या पारीला कणकच म्हणतात आणि पुरणाला हूरण! दोघींचे चेहरे खुलले.

मग कॅरॅमलच्या सुपारीएवढ्या गोळ्या तासभर फ्रीजरमध्ये घट्ट केल्या. सुनेने जाडसर पारी केली, आत्याने थरथरत्या हातांनी तोंड मिटवले. १८० अंशांवर १२ मिनिटे. एकही फुटली नाही. फक्त लगेच खाऊ नका, आतले कॅरॅमल जीभ भाजते.

निघताना आत्याने सुनेचा हात धरून विचारले, "होळिगे करायला कधी येतेस?"

सून मराठीत म्हणाली, "लवकर येते, आत्या."