पोरगा चुकत नव्हता, पुस्तक चुकीचे होते

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आपण साताऱ्यात प्रतापसिंह हायस्कूलला अभिवादन करायला जमतो. १९०० साली याच दिवशी भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात नोंदवले गेले. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. भाषणे होतात, फोटो निघतात, आपण घरी जातो. पण आज आपल्या वस्तीतला विद्यार्थी काय वाचतो आहे आणि ते पुस्तक त्याला कोणी निवडून दिले आहे, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही.

मला हा प्रश्न पडला तो सांगलीकडच्या एका पोरामुळे. बी.कॉम. झालेला, घरची शेती नाही. आईने बचत गटातून कर्ज काढून त्याला वेबसाइट बनवण्याच्या क्लासला घातले. सहा महिन्यांनी तो मला म्हणाला, "दादा, आपल्याला नाही जमायचं हे. डोकंच चालत नाही माझं." मी त्याच्या नोट्स मागितल्या. स्पायरल बाइंडिंग केलेले झेरॉक्सचे बाड होते. त्यात फॉन्ट टॅग, सेंटर टॅग, फ्रेमसेट! एचटीएमएल-५ ने हे सगळे मोडीत काढले, आणि ते २०१४ मध्येच अधिकृत मानक झाले. पुढे पीएचपीमधून डेटाबेसला जोडण्यासाठी मायएसक्यूएलची जी जुनी फंक्शन्स शिकवली होती, ती डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी-७ मधून काढूनच टाकली आहेत. क्लासच्या कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती, म्हणून तिथे प्रोग्रॅम चालायचा. घरी मित्राच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती, म्हणून तिथे एरर यायचा. पोराने काढलेला निष्कर्ष एकच: आपणच मठ्ठ.

मित्रांनो, यातली खरी गोष्ट फीच्या पैशांपेक्षा मोठी आहे. "तुमच्याच्याने विद्या होणार नाही" हे आपल्याला शतकानुशतके ऐकवले गेले. आता ते बाहेरच्या कोणी म्हणावे लागत नाही. चुकीचे पुस्तक हातात दिले की आपला पोरगा स्वतःच ते म्हणतो. म्हणून पुस्तक निवडणे ही मला किरकोळ बाब वाटत नाही. "शिका" या आदेशात काय आणि कशातून शिकायचे हे स्वतः ठरवणेही येते.

मग निवडायचे कसे? पहिले म्हणजे सालाकडे बघा. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली मोठा बदल झाला. पानाची मांडणी करण्याची ग्रिड ही पद्धत २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत आली. त्याआधीचे पुस्तक कितीही गाजलेले असो, ते एकट्याच्या भरवशावर घेऊ नका. जॉन डकेट यांचे एचटीएमएल-सीएसएसवरचे रंगीत पुस्तक अनेकांना आवडते, नवख्याची भीतीही घालवते. पण ते २०११ चे आहे. त्यातली मांडणीची पद्धत जुनी आहे, हे माहीत असूनच ते वाचावे. त्या मानाने जेनिफर रॉबिन्स यांच्या 'लर्निंग वेब डिझाइन'ची २०१८ ची पाचवी आवृत्ती सुरुवातीसाठी अधिक भरवशाची.

दुसरे, शिकण्याचे पुस्तक आणि संदर्भाचे पुस्तक यांतला फरक ओळखा. शिकण्याचे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचे आणि प्रत्येक प्रकरणाखालची उदाहरणे स्वतः सोडवायची. मरायन हावरबेके यांचे 'एलोक्वेंट जावास्क्रिप्ट' असे आहे. त्याची चौथी आवृत्ती २०२४ ची आहे आणि लेखकाने ते इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहे. संदर्भग्रंथ मात्र अडले की उघडायचा असतो. डेव्हिड फ्लॅनगन यांचा 'जावास्क्रिप्ट: द डेफिनिटिव्ह गाइड' हा तसा जाडजूड ग्रंथ, सातवी आवृत्ती २०२० ची. तो पहिल्याच दिवशी घेऊन बसलात तर आठवड्यात सोडून द्याल, आणि दोष पुन्हा स्वतःलाच द्याल. रोजच्या संदर्भासाठी मोझिलाचे एमडीएन आहे. ते मोफत आहे आणि सतत दुरुस्त होत असते.

तिसरे, पाया आधी. जाहिरातीत ज्या फ्रेमवर्कचे नाव मोठे, त्याचे पुस्तक आधी विकत घेण्याची घाई नको. फ्रेमवर्क बदलत राहतात. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट पक्के असेल तर नवे फ्रेमवर्क शिकायला क्लास लागत नाही.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की, यूट्यूब असताना पुस्तक कशाला? व्हिडिओ जरूर बघा, मीही बघतो. पण व्हिडिओत शिकवणाऱ्याचे हात चालतात आणि आपल्याला समजल्यासारखे वाटते. नोकरीच्या मुलाखतीत विचारतात ते "का". ते "का" पुस्तकात सापडते, तेही दोनदा वाचल्यावर.

दुसरा आक्षेप किमतीचा, आणि तो खरा आहे. त्याला उत्तर एकट्याने द्यायचे नाही. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला तर बुद्धविहारात एक कपाट आणि त्यात ही दोन-तीन पुस्तके सहज येतात. शिवाय आपल्या गावात सरकारी अनुदानावर चालणारे सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथे लेखी मागणी करा. ते अनुदान आपल्याही करातून जाते.

तिसरा आक्षेप इंग्रजीचा. यात मी कोणाला हिणवणार नाही, कारण मराठी माध्यमातून आलेल्याला पहिली वीस पाने जड जातातच. पण साताऱ्यातल्या त्या नोंदीकडे पुन्हा बघा. सुभेदारांनी मुलाला इंग्रजीच्या वर्गात घातले होते. पुढे मुंबईत बाबासाहेबांना संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. तरी ते नंतर स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले. भाषा ही दारावरची कडी आहे, ती कायमची भिंत नाही. चौघांनी आठवड्यातून दोनदा विहारात बसून एक-एक प्रकरण मराठीत एकमेकांना समजावून सांगितले, तर दोन महिन्यांत भीती मोडते.

आणि एक काम असे आहे की जे आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, कारण आपले म्हणणे छापायला आपले पत्र हवे होते. आज वेबसाइट हे तसेच साधन आहे. पण आपल्या चळवळीचे कितीतरी मराठी लिखाण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अडकले आहे. ते गूगलवर शोधून सापडत नाही. मायएसक्यूएलची मूळ अक्षरव्यवस्था २०१८ पर्यंत लॅटिन होती. जुन्या पुस्तकातली कृती डोळे झाकून उतरवली की 'जय भीम' असे भरलेले पान प्रश्नचिन्हांची रांग होऊन परत येते. मराठी मजकूर नीट साठवणारा, शोधता येईल असा मांडणारा पोरगा किंवा पोरगी प्रत्येक तालुक्यात एक जरी तयार झाली, तरी चळवळीचा दस्तऐवज वाचेल.

पुस्तक वाचल्याने जात जात नाही. मुलाखतीत आडनाव विचारले जाते, ओळखीवर नोकऱ्या लागतात, हे मला ठाऊक आहे. त्याविरुद्धचा लढा वेगळा लढावाच लागेल. पण त्या लढ्यात उतरणारा तरुण स्वतःला मठ्ठ समजणारा नसावा, एवढे तरी आपल्या हातात आहे.

सांगलीच्या त्या पोराने नोट्स बाजूला ठेवल्या आहेत. सध्या तो मोबाइलवर 'एलोक्वेंट जावास्क्रिप्ट'चे चौथे प्रकरण वाचतो आहे. परवा त्याचा फोन आला, "दादा, इथे अडलोय." मला बरे वाटले. "जमत नाही" आणि "अडलोय" यांत फार अंतर आहे.

येत्या ७ नोव्हेंबरला हारासोबत एक पुस्तक आणा. ते विहाराच्या कपाटात ठेवा, आणि आत पहिल्या पानावर त्याचे प्रकाशन वर्ष ठळक अक्षरात लिहा.

जय भीम!