रेसमो: न धावलेल्या गाडीचा इतिहास

७ मार्च २०१७. जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात टाटा मोटर्सने एक ठेंगणी, दोन आसनांची गाडी मांडली : 'टॅमो रेसमो'. इंजिन चालकाच्या पाठीमागे, दारे फुलपाखराच्या पंखांसारखी वर उघडणारी. १.२ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनातून १९० अश्वशक्ती मिळते आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग सहा सेकंदांच्या आत गाठता येतो, असा कंपनीचा दावा होता. त्याच वर्षी बाजारात आलेल्या नेक्सॉनच्या तेवढ्याच मापाच्या इंजिनाची शक्ती ११० होती. यावरून अभियंत्यांनी काय आरंभले होते ते लक्षात यावे. रस्त्यासाठी रेसमो, शर्यतीच्या ट्रॅकसाठी रेसमो प्लस. शिवाय 'फोर्झा होरायझन ३' या संगणकीय खेळातही ती दिसेल, अशी घोषणा झाली. आपल्यापैकी काहींना तिची ओळख तिथूनच झाली असेल.

ही गाडी विक्रीस कधीच आली नाही.

याचे रूढ स्पष्टीकरण सोपे आहे. देशांतर्गत व्यवसाय तोट्यात होता आणि अशा गाडीला येथे गिऱ्हाईक नव्हते. हे कारण खोटे नाही. पण ते मला अपुरे वाटते, कारण त्याच प्रदर्शनात रेनो समूहाची नवी अल्पीन ए११० उभी होती. तीही लहान, तीही दोन आसनांची, तिचेही इंजिन चालकामागे; आणि ती कारखान्यातून बाहेर पडून रस्त्यावर आली. फरक पैशाचा होता, मान्य. पण अल्पीनमागे स्मृतीही होती. जुन्या ए११०ने १९७१ आणि १९७३ साली माँटे कार्लो रॅली जिंकली होती, आणि ते नाव फ्रान्समध्ये कोणी विसरले नव्हते. नव्या गाडीचा खर्च मंजूर करताना ही स्मृती कामी आली असणार, असे मला वाटते.

रेसमोमागे काय होते? २००० साली टाटांनी इंडिकाच्या आधारावर आरिया रोडस्टर हे दोन आसनी प्रारूप दाखवले होते. तेही दाखवले गेले आणि मागे ठेवले गेले. सतरा वर्षांनी तीच हौस पुन्हा जागली, तेव्हा आधीच्या प्रयत्नाची आठवण काढणारे लेख किती निघाले? मला तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही आढळले नाहीत. ज्या इंडिकेच्या पायावर आरिया उभी होती, तिच्यासाठी निसानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला कारखाना सुटा करून पुण्यास आणला गेला, ही केवढी कथा! तीही आपण परीक्षेतल्या टिपेइतकीच सांगतो. सुमंत मुळगावकरांचे नाव पुष्कळांना ठाऊक आहे ते 'सुमो'मुळे. पिंपरीचा कारखाना उभारणारा माणूस म्हणून क्वचितच.

मी मार्गासनीचा. शनिवारी पहाटे आमच्या फाट्यावरून साखरमार्गे गुंजवण्याकडे दुचाक्यांची रांग लागते. राजगडाच्या बुरुजाबुरुजाची माहिती या मुलांना तोंडपाठ असते. त्याचा मला आनंदच आहे, मीही त्यांतलाच. मात्र आमच्या आळीतले एक आजोबा टेल्कोत फिटर होते. साच्यांची मापे, फसलेले सुटे भाग, कोणत्या पाळीत काय बिघडले हे सारे ते वह्यांत लिहून ठेवत. दोन वर्षांपूर्वी घराचे नवे बांधकाम निघाले आणि त्या वह्या रद्दीत गेल्या. मी तेव्हा पुण्यात पेशवे दफ्तरातले अडीचशे वर्षांपूर्वीचे हिशेब उतरवून घेत होतो.

आजोबा अजून आहेत. पुढच्या रविवारपासून त्यांच्या ओसरीवर ध्वनिमुद्रण सुरू करतो आहे. तुमच्या घरात कोणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत राबले असेल, तर या धाग्याखाली लिहा. आणि माळ्यावरची पेटी कोणी भंगारात देण्याआधी उघडून पाहा.