आफ्रिकेला निघालात? बॅगेत काय भरायचं, आणि त्याआधी काय काढायचं

मंडळी, गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही केनियाला जाऊन आलो. फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय, "सर, बॅगेत काय काय न्यायचं?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटचा भाग आपल्या साताऱ्याबद्दल आहे.

आधी आमचा बेत सांगतो. आठ जणांचा ग्रुप मसाई मारात चार दिवस सफारीला होता. बाकीचे परतले, पण मी आणि एक मित्र पाठीवर सॅक टाकून आणखी सहा दिवस नैवाशा, नैरोबी, मोम्बासा असे फिरलो. मटाटू म्हणजे तिथली वडाप, रेल्वे आणि जमेल तिथे पायी.

पटकन सांगण्यासारखं आधी सांगून टाकतो.

कडक, चाकांची मोठी सूटकेस नेऊ नका. सफारीच्या गाडीत ती अडचण होते, आणि छोट्या विमानाने मारात जाणार असाल तर हातातल्या सामानासकट साधारण १५ किलोच नेऊ देतात, तेही मऊ बॅगेत. मी २३ किलो भरले होते. त्यातलं निम्मं न वापरता परत आणलं.

आफ्रिका म्हणजे उकाडा, हा समज काढून टाका. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे. पहाटे उघड्या टपाच्या गाडीत महाबळेश्वरच्या डिसेंबरची आठवण येते. स्वेटर, कानटोपी, त्यावर वाऱ्याचं जाकीट असं एकावर एक घाला आणि उन्हं वर येतील तसं उतरवा.

कपडे मातकट, खाकी, फिकट हिरवे. गडद निळा आणि काळा टाळा, त्सेत्से माश्या त्या रंगांकडे धावतात. त्यांना पकडायचे सापळेच निळ्या-काळ्या कापडाचे करतात. लष्करी छापाची पँट घरीच ठेवा. झिम्बाब्वे, झांबियात सामान्य माणसाने ती घालणं गुन्हा आहे, केनियातही उगाच पोलिसांना उत्तरं कशाला देत बसायचं? ड्रोनही नको. परवानगीशिवाय नेला तर विमानतळावरच ठेवून घेतात.

दुर्बीण मात्र न्याच, आणि प्रत्येकाची वेगळी. एका दुर्बिणीवर आठ जण म्हणजे चित्ता दिसायच्या आत भांडण. चार्जरसाठी जाड चौकोनी तीन पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा अडॅप्टर लागतो. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणि हातातल्या बॅगेत. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचं निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा, परत आल्यावरही त्या काही दिवस चालू ठेवाव्या लागतात. आणि दुबईमार्गे जाणार असाल तर घरच्या मसाल्यात खसखस नाही ना, ते बघा. तिकडे खसखशीवर बंदी आहे.

आता मुद्द्याचं. बॅगेतली सगळ्यात हलकी आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे यलो फीवरच्या, पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड.

ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. कार्ड लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं आणि मग आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. केनियातून कार्डाशिवाय परतलात तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

परतीच्या विमानात आमच्या पुढच्या रांगेत एक निवृत्त शिक्षक जोडपं होतं. त्यांच्या टूरवाल्याने सांगितलेलं, "हल्ली कुणी विचारत नाही." मुंबईत विचारलं. दोघांना बाजूला घेतलं. दोन दिवसांनी लेकीचं डोहाळजेवण होतं. काकू अधिकाऱ्याला हॉलच्या पावतीचा फोटो दाखवत होत्या. अधिकारी नियमाने वागत होता, त्याला दोष कसा देणार? ज्याने पैसे घेऊन चुकीचं सांगितलं, तो मात्र आपल्या घरी निवांत होता.

आणि मी काही फार शहाणा नव्हे. मलाही एका एजंटने सांगितलं होतं, "साहेब, सुई कशाला टोचून घेता? थोडे वरती द्या, कार्ड घरपोच करतो." खरं सांगतो, मोह झाला. केंद्रावर जायचं म्हणजे एक रजा जाणार होती. सहज म्हणून डॉक्टर मित्राला बोललो, तर त्याने फोनवरच झापलं.

तो म्हणाला, "अरे, पिवळा ताप आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास आहे. एडिस इजिप्ती, तोच डेंग्यूवाला. तुझ्या गच्चीतल्या कुंडीखाली बसलाय. आपल्या लोकांनी ही लस कधी घेतलेली नाही. एक आजारी प्रवासी आणि तो डास यांची गाठ पडली की संपलं. ते कार्ड तू तुझ्या गल्लीसाठी घ्यायचंस."

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि लस घेतली. 'कार्ड करून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चार शब्द सुनवा आणि तक्रार करा. याला ओळखीचं काम म्हणत नाहीत. हा गावाच्या जिवाशी खेळ आहे.

दुसरी गोष्ट भरायची नाही, काढायची आहे. कॅरीबॅग.

केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे. दंड ४० लाख केनियन शिलिंगांपर्यंत, म्हणजे आपल्या पैशांत वीस लाखांच्या वर, किंवा चार वर्षांपर्यंत कैद. ड्युटी फ्रीची पिशवीसुद्धा बाहेर नेता येत नाही. ५ जून २०२० पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्या, कप, स्ट्रॉ हेही बंद आहे.

आमच्या आईने बॅग भरली होती. दशम्या एका कॅरीबॅगेत, तिला रबर, त्यावर दुसरी. शेंगदाण्याची चटणी तशीच. मेतकूट, लाडू, चपला, ओले कपडे यायचे म्हणून चार रिकाम्या. निघायच्या आदल्या रात्री सगळं उपसलं आणि मोजलं. एकट्या माझ्या बॅगेतून एकतीस कॅरीबॅगा निघाल्या! आई म्हणाली, "अरे, पण तेल गळलं तर?" मग जुन्या चादरीच्या पिशव्या शिवल्या, चटणी-लाडू स्टीलच्या डब्यात गेले. अकरा दिवसांत थेंबभरही तेल गळलं नाही.

नैवाशाजवळ हेल्स गेट नावाचं उद्यान आहे. तिथे गाडीतून उतरून पायी किंवा सायकलवरून झेब्य्रांमधून जाता येतं. गेटवर रखवालदाराने माझ्या सॅकच्या बाजूच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. आदल्या दिवशी घेतलेली प्लास्टिकची बाटली तशीच राहिली होती. त्याने हसतच ती काढून ठेवायला लावली. आवाज चढवला नाही की पैसे मागितले नाहीत. मी ओशाळलो आणि स्टीलची बाटली भरून घेतली.

केनिया म्हणजे स्वर्ग, असं मला म्हणायचं नाही. नैरोबीतली नदी बघितली तर आपल्या नद्यांची आठवण येते. चोरून कॅरीबॅगा तिथेही येतात. पण जंगलाच्या दारात उभा असलेला माणूस आपलं काम करतो, आणि येणाऱ्यालाही ते माहीत असतं. म्हणून लोक घरूनच तसे निघतात.

आता साताऱ्याचं.

परत आल्यावर तीन आठवड्यांनी आम्ही तेच आठ जण कासला फुलं बघायला गेलो. तेच, ज्यांनी केनियाला जाताना पिशव्या शिवल्या होत्या. दुपारी भेळ काढली. चुरमुरे कॅरीबॅगेत, फरसाण कॅरीबॅगेत, पाण्याच्या बाटल्या प्लास्टिकच्या. निघताना वारा सुटला आणि दोन पिशव्या उडून फुलांत गेल्या. कुणी उठलं नाही. मीही उठलो नाही. गाडीत बसल्यावर मला त्या रखवालदाराचं बोट आठवलं. मग उतरलो, एक सापडली, दुसरी नाही.

कायदा आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पण कारवाई म्हटली की मंडईतल्या भाजीवाल्या मावशी आठवतात. एसयूव्हीतून पाच पिशव्या वेफर्स घेऊन गडावर जाणाऱ्याची डिकी कोण उघडतंय? ताडोबाच्या निमढेला भागात २०२४ मध्ये वाघ पाणवठ्यातून प्लास्टिकची बाटली तोंडात उचलून नेतानाचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला, हळहळलो आणि पुढे ढकलला. ती बाटली वाघाने विकत आणली नव्हती. कुणाच्या तरी बॅगेतूनच ती आत गेली होती.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कास असो, गड असोत, ताडोबा असो, तपासणी दारातच व्हावी. आत जाताना बाटल्या-पाकिटं मोजा, अनामत घ्या, बाहेर येताना मोजून परत करा. वनविभाग आणि ग्रामपंचायतींनी मनावर घेतलं तर हे एका हंगामात बसेल. आणि टूरवाल्यांनी गिऱ्हाइकाला याद्या देताना पहिल्या ओळीत लस आणि प्लास्टिक लिहावं, टोपी-गॉगल नंतर.

तोवर आपल्या हातात आपली बॅग आहे. वीस लाखांच्या दंडाला घाबरून आपण एका रात्रीत एकतीस कॅरीबॅगा काढू शकतो, म्हणजे जमतं आपल्याला. कासला जातानाही तेवढं जमायला हवं.

कुणाला आणखी काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा, माहीत असेल तेवढं सांगेन. आणि आईने शिवलेल्या त्या पिशव्यांचा फोटो खाली टाकलाय. चादर जुनी आहे, हसू नका.