गाडीवर जावे, गाडी घेऊ नये

'ड्रायव्हरला काम कमी नाही' हे वाक्य सुगीच्या दिवसांत कुणाच्या तोंडी येत नाही. कारखान्याच्या दारावर 'भरती बंद'ची पाटी लागते, परीक्षांच्या जाहिराती लांबत जातात, शेतमालाचा भाव कोसळतो, आणि मग ते घरोघर ऐकू येऊ लागते. बँकेच्या नोकरीत मी ते २००८ च्या अखेरीस ऐकले, २०१९ मध्ये ऐकले आणि टाळेबंदी उठल्यावर तर रोज ऐकले. आता निवृत्त झालो आहे. लोक मला माझ्या कादंबऱ्यांविषयी क्वचितच विचारतात. कर्जाविषयी मात्र हटकून विचारतात.

अलीकडे निफाड तालुक्यातले एक जुने खातेदार मुलाला घेऊन आले. मुलगा पंचविशीतला, बी.कॉम. झालेला. पुण्यात खोली घेऊन तीन वर्षे परीक्षा दिल्या आणि परत घरी आला. वडिलांच्या हातात विक्रेत्याने छापून दिलेले दरपत्रक होते. दहाचाकी नवा ट्रक, तीस लाखांचे कर्ज, आणि पदरचे पैसे उभे करायला कालव्याकाठची दोन एकर जमीन. "साहेब, पोरगं गाडी चालवायला तयार आहे. मग दुसऱ्याची कशाला, स्वतःचीच घेऊ की," असे वडील म्हणाले. मुलगा बराच वेळ गप्प होता. वडील पाणी प्यायला आत गेले तेव्हा म्हणाला, "काका, मला गाडी चालवायला आवडतं. भीती वाटते ती हप्त्याची."

वडिलांनी ज्या दोन गोष्टींची एकच मोट बांधली होती त्या मुलाने सहज वेगळ्या केल्या. ट्रक चालवण्याचा धंदा पत्करावा का, हा एक प्रश्न. ट्रक विकत घ्यावा का, हा दुसरा. पहिल्याला मंदीतही 'होय' म्हणता येते. दुसऱ्याला मंदीत 'नाही' म्हणावे, आणि नवख्याने तर कोणत्याही काळात 'नाही'च म्हणावे, असे माझे मत आहे.

ड्रायव्हर मिळत नाहीत ही मालकांची तक्रार खोटी नाही. कोणत्याही ट्रकअड्ड्यावर जा, माणसावाचून उभ्या असलेल्या दोन-चार गाड्या दिसतील. पण ही टंचाई माणसांची नव्हे. पूर्वी गाडीवर ड्रायव्हरबरोबर क्लीनर असे. पंधरा-सोळा वर्षांचे पोर टायर बदलायला, ताडपत्री बांधायला, रात्री मागची गाडी बघायला म्हणून चढे आणि चार-पाच वर्षांत उस्तादाच्या हाताखाली स्वतः ड्रायव्हर होई. त्या पोराचे हाल काय होत ते सांगायला नको. ती शाळा चांगली होती असे मी म्हणणार नाही. पण शाळा तीच होती. भाडी परवडेनात तशी मालकांनी पहिली काटछाट क्लीनरच्या पगारात केली, आणि आता ड्रायव्हर कोठून आणावा म्हणून तेच विचारतात. त्यात ज्या ड्रायव्हरांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवले, त्यांनी मुलांना या धंद्यापासून दूर ठेवले. यात त्यांचे काय चुकले?

तेव्हा जागा रिकाम्या आहेत हे खरे. त्यांतल्या बऱ्याच जागा बसण्यासारख्या नाहीत हेही तितकेच खरे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम, ठरावीक विश्रांती, सारे व्यवस्थित लिहिले होते. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. आपल्याकडच्या असंख्य गाड्या एका-दोघा गाड्यांच्या मालकांच्या. त्यांचा ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून त्या कायद्याच्या बाहेर राहिला. २०२० च्या श्रमसंहितेत तो कायदा विलीन झाला, तरी एका गाडीचा मालक आणि एका गाडीचा ड्रायव्हर यांच्यातला व्यवहार अजून तोंडीच चालतो. खेपेला इतके, भत्ता इतका, डिझेल वाचवलेस तर ते तुझे. भविष्य निर्वाह निधी हा शब्दही तिथे पोचलेला नसतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण जमीन जाते ती तिथे.

मंदीत ट्रक स्वस्त मिळतो. विक्रेता सूट देतो, विम्याचा पहिला हप्ता स्वतः भरतो, कर्जाची कागदपत्रे घरी आणून देतो. सामान्य माणसाला वाटते, हीच वेळ. वास्तविक ट्रक स्वस्त होतो तो त्याला भरायला माल नसतो म्हणून. किंमत आणि भाडे एकाच कारणाने उतरतात. किंमत एकदाच चुकवायची असते, भाडे मात्र पाच वर्षे मिळवायचे असते.

२०१८ ते २०२० या काळाचेच बघा. जुलै २०१८ मध्ये सरकारने ट्रकच्या आसांवरचा अनुज्ञेय भार वाढवला; मालवाहू गाड्यांची भारक्षमता सुमारे वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढली. म्हणजे एकही नवा ट्रक रस्त्यावर न येता देशात लाखो टनांची जादा जागा निर्माण झाली. त्याआधी वर्षभर, १ जुलै २०१७ पासून, जीएसटीमुळे नाक्यांवरचा खोळंबा कमी झाला होता आणि तीच गाडी महिन्यात जास्त खेपा करू लागली होती. देशाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी चांगल्या. पण मालाच्या मानाने जागा वाढली की भाडे पडणारच. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएसची देणी थकली आणि बिगरबँक वित्तसंस्थांचा हात आखडला. २०१८-१९ मध्ये देशात दहा लाखांवर व्यापारी वाहने विकली गेली होती. २०१९-२० मध्ये हा आकडा सव्वासात लाखांच्याही खाली आला. बीएस-४ गाड्यांचा साठा ३१ मार्च २०२० पूर्वी संपवायचा होता, म्हणून त्या वर्षी सवलतींचा पाऊस पडला. त्या पावसात ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांच्या दारात गाडी आली आणि २५ मार्चला टाळेबंदी लागली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. हप्ते थांबले, व्याज थांबले नाही.

मंदीत मोठा वाहतूकदार दहा गाड्या उभ्या करून ठेवू शकतो. एका गाडीच्या मालकाला ती चैन नाही. हप्ता भरायचा म्हणून तो पडेल त्या भाड्याने माल उचलतो. शेजारचाही तेच करतो. आणि दोघांच्या हप्त्यापायी भाडे आणखी उतरते. तीन महिने, म्हणजे ९० दिवस, थकले की खाते अनुत्पादित. मग गाडी ओढून नेतात. जप्त गाड्यांच्या आवारात मी वसुलीच्या कामाने अनेकदा गेलो आहे. काचेवर लिंबू-मिरची तशीच लटकत असते, केबिनमध्ये मुलांचे फोटो असतात. लिलावात अशा गाडीला काय किंमत येते ते सांगत नाही. उरलेल्या कर्जासाठी नोटीस पुन्हा घरीच येते, एवढे सांगतो.

मुलाच्या वडिलांपुढे मी कागदावर हिशेब मांडला. तीस लाख, ११ टक्के व्याज, पाच वर्षे: महिन्याचा हप्ता सुमारे ६५ हजार. म्हणजे चाक फिरो वा न फिरो, रोज उजाडले की एकवीसशे-बावीसशे रुपये. हजार किलोमीटरच्या खेपेला, लिटरला चार किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले तर साडेबावीस हजारांचे डिझेल. टोल, टायर, विमा, पासिंग निराळे. परतीचा माल मिळाला नाही तर ती वाट रिकामी, आणि रिकामी गाडीही डिझेल पितेच.

"पण साहेब, शेतीला जोड नको का? एक बुडालं तर दुसरं तारेल," वडील म्हणाले. जोडधंद्याचे हे सूत्र बँकेनेच खेड्यात शिकवले, आणि ते बरोबरही आहे. फक्त जोड निराळ्या जातीची हवी. या घरचे पीक कांदा. मुलाच्या गाडीत भरणार तोही कांदा, कारण पिंपळगाव-लासलगावच्या पट्ट्यात मुख्य भाडे त्याचेच. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांदा निर्यात बंद केली. ती ४ मे २०२४ ला उठली. त्या पाच महिन्यांत ज्या घरी कांदाही होता आणि हप्त्यावरची गाडीही, त्या घराच्या दोन्ही बाजू एकाच अधिसूचनेने बसल्या. गाय आणि म्हैस दोन्ही एकाच विहिरीवर बांधल्या तर विहीर आटल्यावर दोन्ही तहानतात. वडिलांनी यावर उत्तर दिले नाही.

मग मुलाने करावे काय? गाडीवर जावे. पण कोणाच्या आणि कोणत्या मालाच्या गाडीवर, हे बघून जावे. सगळा माल मंदीत सारखा आटत नाही. बांधकाम थंडावले की सिमेंट-लोखंड थांबते. नव्या मोटारी वाहून नेणाऱ्या लांबलचक गाड्या तर सर्वांआधी उभ्या राहतात. संगमनेर-कोल्हापूरकडून मुंबईला रात्री निघणारा दुधाचा टँकर थांबत नाही. गॅस, औषधे, पेट्रोल थांबत नाही. ज्वालाग्राही मालासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. ती नोंद असलेल्या माणसाला मागणीही आहे आणि पगारही बरा. मालक असा बघावा की जो पगार बँकेत जमा करतो आणि निधी कापतो. बी.कॉम.चा उपयोग इथे होईल: नेमणुकीचा कागद मागायची आणि तो वाचायची सवय तरी असेल.

कष्ट आहेतच. पाठ जाते, झोप जाते, कसाऱ्याच्या घाटात पहाटे डोळा लागला तर सगळेच जाते. नव्या गाड्यांत थोडा फरक पडतो आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. अपघात झाला तर मात्र चूक कोणाची हे ठरण्याआधी जमाव ड्रायव्हरला मारतो, म्हणून तो पळतो. आणि पळाल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली गेली. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात आणि पंपांवर आपल्या रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवण्यात आले. ड्रायव्हर नावाची जमात आहे हे मध्यमवर्गाला बहुधा त्या दोन दिवसांत प्रथमच कळले.

खरी अडचण निराळीच होती. ती वडिलांनी निघताना उंबऱ्यात सांगितली. "साहेब, मालकाच्या पोराला मुलगी मिळते. ड्रायव्हरला कोण देतो?" याला माझ्याजवळ हिशेब नव्हता. एका ट्रकच्या, गळ्यापर्यंत कर्जात बुडालेल्या माणसाला गाव शेठ म्हणते. वेळेवर पगार घरी आणणाऱ्याला नुसता ड्रायव्हर. या एका शब्दासाठी दोन एकर बागायत विकायची, असा तो सौदा आहे. मी तसे स्पष्ट बोललो. त्यांना ते आवडले नाही, पण खोटे आहे असेही ते म्हणाले नाहीत.

दरपत्रकावर 'सवलत या महिनाअखेरपर्यंत' असे लाल अक्षरांत छापले होते. मी मुलाला परवाना दाखवायला सांगितला. हलक्या वाहनाचा परवाना काढून त्याला आठच महिने झाले होते. जड मालवाहू गाडीच्या शिकाऊ परवान्याला आधी वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना असावा लागतो. म्हणजे या महिन्यात गाडी घेतली असती तर हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू, आणि ज्याच्यासाठी गाडी घ्यायची तो निदान चार महिने तिच्या चाकाला हात लावू शकत नाही. त्याच्या जागी पगारी ड्रायव्हर ठेवावा लागणार. तोच, जो कुठे मिळत नाही. विक्रेत्याने हे विचारले नव्हते. वडिलांनाही ठाऊक नव्हते.

साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या साध्या परवान्यावर चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. मुलगा आता ओळखीच्या एका वाहतूकदाराच्या टेंपोवर जातो. रात्री भाजी भरून वाशीला, सकाळी परत. दोन एकर अजून सातबाऱ्यावर आहेत. विक्रेत्याचा फोन वडिलांना येतो तो येतोच. सवलत आणखी एक महिना वाढवली आहे म्हणे.