‘मले’ म्हणणारे पोर

अमरावती-अकोल्याकडचे पोर वर्गात ‘मले’ म्हणाले, की गुरुजी डोळे वटारतात आणि वर्ग हसतो. पोर खाली बसते, ते पुन्हा बोलायला उठत नाही. याला का भाषाशिक्षण म्हणावयाचे?

वऱ्हाडी ही बिघडलेली पुणेरी नव्हे. ‘ला’चे जागी ‘ले’ येतो, ‘डोळा’ ‘डोया’ होतो, ‘दिलं’मधला ‘इ’ ‘ए’ होऊन ‘देल्लं’ होते, ‘विहिरी’चा ‘व’ गळून ‘इहीर’ उरते. जे नेमाने घडते त्याला चूक कसे म्हणावे? मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ १३व्या शतकात म्हाइंभटांनी रचला तो याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरास. १९६० साली उद्धव शेळक्यांची ‘धग’ वऱ्हाडीतच बोलली.

परीक्षेला प्रमाण भाषा हवी, हे कबूल. ती अवश्य शिकवा. पण फळ्यावर ‘शेत’ लिहाल तेव्हा शेजारी ‘वावर’ही लिहा. दोन शब्द येणारे पोर एका शब्दाच्या पोरापेक्षा श्रीमंतच.

आणि आईबापहो, यंदा फराळाला बसल्यावर नातवंडांदेखत आजीचे बोलणे ‘सुधारू’ नका. तिच्या तोंडचा ‘इस्तो’ विझला, तर तो पुन्हा कोणत्या पुस्तकातून पेटवाल?